होल्डवरचा लॅपटॉप

सोमवार, ९ सप्टेंबर

लेकीला काम मिळालं. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायची. घरबसल्या. एक तारखेपासून महिनाभर ट्रायल, जमलं तर कायम. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा हवा.

जेवताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, बाबा, लॅपटॉप तुम्हीच निवडा, तुमच्याइतकं पारखून कोण घेणार. सगळ्यांसमोर म्हणजे हिच्यासमोर आणि हिच्या भावासमोर. तो जेवायला होता. तो असतोच.

मला भरून आलं. दाखवलं नाही, पाणी प्यायलो.

पोरगी बोलली त्यात खोटं काय आहे? पंख्याच्या कारखान्यात मी आवक माल तपासतो. बाहेरून आलेला प्रत्येक खोका आधी माझ्यासमोर उघडतो. शंका आली की पिवळा टॅग लावायचा: होल्ड. टॅगच्या मागे लोहचुंबक असतं, रॅकला चटकन बसतो. मी टॅग काढेपर्यंत त्या मालाला मालकही हात लावू शकत नाही. सगळे मला होल्डसाहेब म्हणतात. प्रेमाने.

संकल्प: टिकाऊ, भरवशाचा, खिशाला झेपणारा लॅपटॉप. दहा वर्षं चालला पाहिजे. आठ दिवसांत निकाल.

बुधवार, ११ सप्टेंबर

मेहुण्याचा फोन. हा ऑफिसांमधले कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरतो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा समज. न विचारता एका मॉडेलचं नाव सांगितलं. न विचारता! म्हणजे कमिशन.

पुढे म्हणतो, नाहीतर माझ्याकडे एक जुना आहे, ठणठणीत, भाचीला तसाच देतो. आता ठणठणीत वस्तू कोणी फुकट देतं का? कुठेतरी पाणी मुरतंय. नम्रपणे नको म्हणालो. तो हसला. इतकं हसण्यासारखं काय होतं, त्याचं त्याला माहीत.

शनिवार, १४ सप्टेंबर

तीन दिवस मोबाईलवर रिव्ह्यू वाचले. डोळ्यांची वाट लागली.

पाच स्टार देणारे उघडउघड पैसे घेतलेले. ‘अप्रतिम, घरचे सगळे खूश’, हे कोणी स्वतःहून लिहितं? एक स्टार देणारे दुसऱ्या कंपनीचे. तीन स्टार देणाऱ्यांना स्वतःचं मत नाही, त्यांचं काय ऐकायचं? चार स्टारवाल्यांवर थोडा विश्वास बसत होता, पण मग एक स्टार का कापला ते कोणीच सांगत नाही. लपवतात.

आठ दिवसांची मुदत मंगळवारी संपते. मुदत वाढवली. घाई करणारा फसतो.

रविवार, १५ सप्टेंबर

लेकीला घेऊन मोठ्या शोरूमला गेलो. आत बर्फासारखा एसी. गिऱ्हाइकाचं डोकं गार पडावं आणि सही लवकर व्हावी म्हणून.

सेल्समन टायवाला. दारातून आत येईपर्यंत चार वेळा सर म्हणाला. लॅपटॉपवर बॅग फ्री म्हणाला. मी विचारलं, बॅग फ्री का? म्हणाला, ऑफर आहे सर. मी विचारलं, ऑफर का? त्याने टाय सरळ केला. मी लेकीकडे अर्थपूर्ण पाहिलं. ती किमतीच्या पाट्या वाचत होती.

मग माझी टेस्ट. खिशात गोल लोहचुंबक कायम असतं. पुरवठादार स्टील सांगून काय काय गळ्यात मारतात ते मी जाणतो. सेल्समन म्हणाला, बॉडी मेटलची आहे. म्हटलं बघू. चुंबक कडेने फिरवलं. चिकटेना. मेटल म्हणे! जरा पुढे कोपऱ्यापाशी नेलं आणि स्क्रीन गपकन काळी.

मी नुसता उभा राहिलो. अशा वेळी बोलायचं नसतं, माल स्वतःच बोलतो.

दुसरा लॅपटॉप घेतला. कोपऱ्यापाशी नेल्यावर तोही काळा. तिसराही. सेल्समन धावत आला, सर, ते चुंबकामुळे, अहो त्याच्या आत, असं काहीतरी सुरू केलं. हात वर करून थांबवलं. माल नापास झाला की पुरवठादाराकडे कारण तयारच असतं. नोकरीभर ऐकत आलोय.

तिन्ही रिजेक्ट. बाहेर पडलो. लेक आधीच बाहेर जाऊन फुटपाथवर उभी होती, दुसऱ्याच कोणाची तरी असल्यासारखी. रस्त्यात म्हणाली, बाबा, मला साधासा कुठलाही चालेल, फक्त एक तारखेच्या आत हवा. कुठलाही चालेल! माझ्या पोटची पोर आणि हे बोलते.

गुरुवार, १९ सप्टेंबर

कारखान्यात बेअरिंगच्या दोन खेपा होल्डवर टाकल्या. खोके जरा जास्तच व्यवस्थित बांधले होते.

खरेदी मॅनेजर केबिनमधून ओरडले, लाइन बंद पडेल. पडू दे. विषय बदलावा म्हणून त्यांना लॅपटॉपचं विचारलं. म्हणाले, माझा सात वर्षं चालतोय, काही झालेलं नाही. दाखवा म्हणालो. दाखवला. एका बटणावरचं अक्षर पुसलेलं होतं. बोटाने दाखवलं. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि बेअरिंगवर परत आले.

रविवार, २२ सप्टेंबर

ही सकाळपासून भांडी आपटत होती. शेवटी म्हणाली, पोरीची एक तारीख जवळ आली, तुमचं काय चाललंय? मी शांतपणे समजावलं: रॅम, बॅटरी, बिजागरी, सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब. पुढे ऐकून न घेता ती आत निघून गेली. तिला टेक्निकलमध्ये इंटरेस्ट नाही.

संध्याकाळी मेहुणा आला. खांद्याला काळी बॅग. थेट लेकीच्या खोलीत. दार लोटलं. मामा-भाचीची एवढी कसली खलबतं? अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा खांदा रिकामा. मी बारीक नजर ठेवून होतो. आमची कुठली वस्तू नेली नाही एवढी खात्री करून घेतली. बॅग मात्र विसरून गेला. असा विसरभोळा माणूस लोकांचे कॉम्प्युटर काय दुरुस्त करणार?

बुधवार, २५ सप्टेंबर

घेतला! आज लॅपटॉप घेतला.

बाजाराच्या मागच्या गल्लीतलं छोटं दुकान. दुकानदार खुर्चीतून उठलासुद्धा नाही. मी बावीस-तेवीस प्रश्न विचारले असतील. शेवटी म्हणाला, काका, घ्यायचा तर घ्या, नाहीतर वाट सोडा, मागे गिऱ्हाईक आहे. ऐकून बरं वाटलं. गोड बोलत नाही म्हणजे माणसाला लपवायचं काही नाही. बॅगही दिली नाही. चुंबकाची टेस्ट केली नाही, कारण तो माझ्या हातांकडे टक लावून बघत होता.

म्हणाला, काही खोट निघाली तर सात दिवसांत बदलून मिळेल, आठव्या दिवशी येऊ नका. सात दिवसांत खोट कळते? आमच्याकडे नवीन पुरवठादाराचा माल पंधरा दिवस निरीक्षणाखाली असतो. हा पुरवठादारही नवीनच. तेव्हा नियम आपला.

घरी आल्यावर लेक बाहेर आली. दोन्ही हात पुढे केले. मी म्हणालो, थांब. पिवळा टॅग लावला आणि लॅपटॉप बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवला.

गंमत म्हणजे टॅग झाकणावर बसेना, घसरून पडे. खाली कीबोर्डच्या पुढच्या कोपऱ्यात एकाच जागी घट्ट बसला. तिथेच का? नोंद घेतली आहे.

लेकीने टॅगकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग म्हणाली, बरं बाबा, होऊ दे तुमचं सावकाश. किती समजूतदार आहे! संस्कार दुसरं काय.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

माझा संशय खरा. लॅपटॉप चालू केला की स्क्रीन काळी होते. बटण दाबलं की क्षणभर जागी, पुन्हा काळी. टॅग लावून, नियमाप्रमाणे, तीन वेळा तपासलं. तीनदा तेच.

ही म्हणाली, मग आत्ताच्या आत्ता परत करा, मुदत आहे तोवर. तिला निरीक्षणाचं शास्त्र माहीत नाही. अर्धवट निरीक्षण करून माल परत केला तर पुरवठादार आपल्यालाच खोटं पाडतो. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस.

मंगळवार, १ ऑक्टोबर

लेकीची ट्रायल सुरू. सकाळी तिला धीर दिला: थोडं थांब, बाबा आहे ना, कंपनीला सांग की लॅपटॉप तपासणीत आहे. ती म्हणाली, मी सांभाळून घेते. आणि दार लावून बसली. वाईट वाटत असणार बिचारीला. हातात काही नाही, दिवसभर बसून काय करणार?

दुपारी रजा टाकून घरीच होतो. तिच्या खोलीतून बारीक टकटक टकटक आवाज. थांबतो, पुन्हा सुरू. लाकडी कपाटात भुंगा लागलाय. घरात तीन माणसं, पण कान फक्त मला आहेत.

शनिवार, ५ ऑक्टोबर

लेक आंघोळीला गेली तेव्हा कपाटाला औषध मारलं. भोकं दिसली नाहीत. तिच्या टेबलावर काहीतरी चादरीखाली झाकून ठेवलं होतं. मुलींच्या खासगी वस्तूंना मी हात लावत नाही. एवढं मला कळतं.

औषधाच्या वासाने तिला दोन तास गॅलरीत बसावं लागलं. तिथूनही टकटक. म्हणजे भुंगा गॅलरीच्या चौकटीतही पोचलाय.

बुधवार, ९ ऑक्टोबर

नवीन भानगड. घरचं इंटरनेट महिना अर्धा व्हायच्या आत संपत आलं. आम्ही तीन माणसं. मी फक्त रिव्ह्यू वाचतो. ही गाणी ऐकते. लेकीकडे लॅपटॉपच नाही. मग नेट पितं कोण?

शेजारी! गेल्या आठवड्यापासून हा माणूस मला जिन्यात बघून हसतो. आधी हसत नव्हता. उघड आहे, भिंतीपलीकडून आमचं नेट चोरतो.

पासवर्ड बदलला. अर्ध्या तासात लेक घाबरीघुबरी बाहेर. नवा पासवर्ड द्या, अगदी आत्ता. कशाला विचारलं तर म्हणाली, मोबाईलला. दिला. जिन्यात शेजाऱ्याला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालो, काही लोकांना आता चटका बसेल. तो म्हणाला, हो, गरम होतंय खरं. निर्ढावलेला.

रविवार, १३ ऑक्टोबर

पंधरा दिवस झाले. वर थोडे जास्तच, पण शास्त्र म्हणजे शास्त्र. अहवाल तयार: माल सदोष. लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो. टॅग घरी काढून ठेवला. तो कारखान्याची मालमत्ता आहे, बाजारात मिरवायला नाही.

दुकानदाराने बटण दाबलं. लख्ख स्क्रीन. दहा मिनिटं, वीस मिनिटं, मिटेचना. त्याने गाणं लावलं, तेही वाजलं. मी घामाघूम. माझ्यासमोर रोज मान टाकणारा हा प्राणी मालकासमोर कसा शहाण्यासारखा वागतोय! मी म्हणालो, हा तुमच्यासमोर नाटक करतो. तो म्हणाला, कोण? मी म्हणालो, लॅपटॉप.

दुकानातली माणसं बघायला लागली. तो म्हणाला, काका, बदलायची मुदत केव्हाच संपली, घरी जा, थंड पाणी प्या.

घरी आलो. टॅग लावला. काळी! हिला बोलावून दाखवलं. ती तोंडाला पदर लावून आत पळाली. तिलाही धक्का बसला असावा.

निरीक्षण बेमुदत वाढवलं.

बुधवार, २३ ऑक्टोबर

घरात काहीतरी शिजतंय. आई आणि लेक कुजबुजतात, मी आलो की गप्प. मेहुण्याचा फोन दिवसाआड. हिने लेकीसाठी चांगल्यातला कुडता आणला, तोही घरात काही लग्नकार्य नसताना. काल लेक कुडता घालून, केस विंचरून, दार लावून एकटीच बसली होती आणि आतून गोड आवाजात बोलत होती. इंग्रजीत!

स्थळ. नक्की स्थळ. मोबाईलवर मुलगा बघतात आणि बापाला पत्ता नाही.

मी कोणालाच काही विचारणार नाही. डोळे उघडे ठेवणार. माझ्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नाही.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

सकाळी मनाशी ठरवलं, पुरे झालं, पोरीचा ट्रायलचा महिना माझ्या तपासणीत जातोय, काम हातचं गेलं तर आयुष्यभर बोल लागेल. सदोष तर सदोष, सशर्त पास करू. तिला सरप्राइज द्यावं म्हणून लॅपटॉप उचलला आणि दार न वाजवता आत गेलो.

लेक टेबलाशी बसली होती, नवा कुडता घालून. समोर लॅपटॉप. दुसराच. जुना, कोपरे झिजलेला. स्क्रीनवर एक चष्मेवाली बाई म्हणत होती की काम एकदम नीट आहे, एका पानाचीही तक्रार नाही, उद्यापासून तू कायम. मग त्या बाईला मागे मी दिसलो, हातात पिवळा टॅग लावलेला लॅपटॉप घेऊन उभा. बाई म्हणाली, घरी कोणी आलंय का? लेक म्हणाली, माझे बाबा आहेत. बाईने मला नमस्कार केला. माझे दोन्ही हात अडकलेले होते.

नंतर सगळं कळलं. मेहुण्याचा जुना लॅपटॉप. ती काळी बॅग विसरलेली नव्हती. भुंगा नव्हता. नेट आमच्याच घरात खर्च होत होतं. शेजाऱ्यालाही माहीत होतं, कारण मी औषध मारलं त्या दिवशी गॅलरीतल्या लेकीला त्याने कठड्यावरून चार्जर लावायला स्वतःच्या घरातली वायर दिली होती.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

लेक म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही तो तपासायला घेतला असता.

रागाने म्हणाली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते. ती अगदी साधं बोलली.

मग तिने माझ्या हातातला लॅपटॉप टेबलावर ठेवला, कोपऱ्यातला टॅग काढला आणि बाजूला केला. स्क्रीन लागली. टॅग परत ठेवला. काळी. पुन्हा काढला. लागली. म्हणाली, बाबा, आत एक बारीकसा भाग असतो, जवळ चुंबक आलं की त्याला वाटतं झाकण मिटलंय, म्हणून लॅपटॉप झोपतो. तुम्ही महिनाभर त्याला झोपवत होतात.

मी म्हणालो, मला तसा अंदाज होताच. तिने मान हलवली. तिला ते खरं वाटलं असेल असं मला वाटलं नाही.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

तसं पाहिलं तर माझी निवड अचूक ठरली. लॅपटॉपमध्ये एकही दोष नाही. आता ही त्यावर शिवणकामाचे व्हिडिओ बघते. लेक म्हणते, मला जुन्याचीच सवय झाली.

कारखान्यात बेअरिंगच्या खोक्यांवरचे टॅग काढले. खरेदी मॅनेजर खुर्चीतून उठून बघायला आले.

वाईट वाटलं. कारणं शोधून झाली, तरी वाईटच वाटतंय. पोरीने सगळ्यांसमोर माझ्यावर भरवसा टाकला होता आणि मग पंधरवड्यात तोच भरवसा चादरीखाली झाकून ठेवावा लागला तिला. माझ्यापासून! शेजाऱ्यापासून नाही.

शनिवार, २ नोव्हेंबर

लेकीची पाठ दुखते दिवसभर बसून. उद्या कामासाठी खुर्ची घ्यायला आईबरोबर जाणार आहे. मला कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी मीच म्हणालो, मी येऊ का? ती म्हणाली, या की बाबा. पण दुकानात एक शब्द बोलायचा नाही. आणि ते चुंबक घरी ठेवायचं.

कबूल केलं. एका दमात.

रविवार, ३ नोव्हेंबर

तिघं गेलो. चुंबक घरी. हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

लेकीला एक निळी खुर्ची आवडली. चार पायांची, पाठ उंच, किंमतही बेताची. बसून पाहिली, मागे रेलून पाहिली. हीसुद्धा बसली. दोघी खूश. दुकानात जाड गालिचा होता.

मागचा डावा पाय आखूड होता. नखाएवढा. जोड देताना तिरका बसलाय. मी चार हातांवरून पाहिलं. गालिचात पाय रुततो म्हणून बसणाऱ्याला कळत नाही, दुकानदार खुर्च्या गालिचावर मांडतात ते त्यासाठीच. शेजारीच तशीच दुसरी होती, चारही पाय सरळ.

तोंड उघडलं. लेकीने वळून पाहिलं. मिटलं.

दुकानदाराने मुद्दाम विचारलं, काका, तुम्ही काहीच बोलत नाही, कशी वाटते? मी म्हणालो, छान आहे. लेकीने माझ्याकडे बघून इतकं गोड हसून दाखवलं की मला दुसरं काही सुचलंच नाही. येताना रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. खुर्ची माझ्या मांडीवर.

घरी फरशीवर ठेवली. ती बसली. खुर्ची डुगडुगली. उठली, फिरवून ठेवली, पुन्हा बसली. डुगडुग. हिने पाय मोजले. डावा आखूड.

लेक माझ्याकडे बघून म्हणाली, बाबा, तुम्ही तर इतकी वर्षं हेच काम करता, एवढे शेजारी उभे होतात, तुमच्या कसं लक्षात नाही आलं?

मी म्हणालो, नाही आलं.